सुधाकरसाठी खाट कुठे होती?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘एकच प्याला’ मी अनेकदा वाचलं आहे आणि दोनदा रंगमंचावर पाहिलं आहे. प्रत्येक वेळी एक अगदी बाळबोध प्रश्न मनात येतो. सुधाकर एवढा हुशार वकील, जिवाला जीव देणारा रामलालसारखा मित्र, सिंधूसारखी बायको, आणि तरीही या माणसाला कोणी दवाखान्यात का नेलं नाही?

गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीनं हे नाटक रंगमंचावर आणलं. त्यात वैद्यही आहे आणि डॉक्टरही आहे. ते येतात तळीरामाच्या आजारपणात, आणि प्रेक्षकांना हसवून जातात. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळात शास्त्री आणि खुदाबक्ष मांडीला मांडी लावून बसतात. आमच्या खुदाबक्षाला मराठी रंगभूमीवर बरोबरीची जागा मिळाली ती पिणाऱ्यांच्या मंडळात, याची मला थोडी गंमत वाटते आणि थोडं वाईटही वाटतं. असो. सुधाकरच्या वाट्याला उपदेश येतो, अश्रू येतात, बदनामी येते. तो शुद्धीवर येऊन शपथ घेतो, नव्यानं जगायला निघतो, अपमान होतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. गडकऱ्यांची नजर इथे एखाद्या चांगल्या डॉक्टरसारखी आहे. शपथ घेणारा माणूस खोटं बोलत नसतो आणि तरीही ती मोडतो, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे काय करायचं, हे त्या काळच्या महाराष्ट्रात कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाण्याला आणि येरवड्याला वेड्यांची इस्पितळं होती, तुरुंग होते, मठ आणि दर्गे होते. दारू सोडू पाहणाऱ्या माणसासाठी मात्र कुठे खाट नव्हती.

ती खाट आपल्याकडे कशी आली आणि इतकी उशिरा का आली, त्याची ही हकीकत आहे.

दारूची सवय हा रोग आहे, हे म्हणणं फार जुनं आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डॉ. बेंजामिन रश यांनी १७८४ मध्ये कडक दारूच्या परिणामांवर एक पुस्तिका लिहिली. १८०४ मध्ये थॉमस ट्रॉटर या ब्रिटिश आरमारातल्या डॉक्टरनं दारूबाजीला मनाचा आजार म्हटलं. १८४९ मध्ये स्वीडनच्या मॅग्नस हुस यांनी या आजाराला ‘अल्कोहोलिझम’ हे नाव दिलं. (‘अल्कोहोल’ हा शब्द मूळचा अरबी ‘अल-कुहल’, म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. बारीक पुडीवरून तो कोणत्याही पदार्थाच्या अर्काला लावला गेला आणि शेवटी बाटलीत जाऊन बसला.) १८६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन या गावी केवळ दारूच्या रुग्णांसाठी एक भलंमोठं इस्पितळ सुरू झालं. ते फार वर्षं टिकलं नाही आणि पुढे वेड्यांचं इस्पितळ झालं, पण कल्पना रुजली होती.

आता दोन सालं शेजारी शेजारी ठेवून पाहा. १८७९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं ‘सराईत मद्यपीं’साठी कायदा केला. ज्याला दारू सुटत नाही, त्यानं दोन मॅजिस्ट्रेटसमोर स्वतः सही करून वर्षभरापर्यंत एखाद्या आश्रयस्थानात राहावं, अशी त्यात सोय होती. खर्च ज्याचा त्यानं करायचा, त्यामुळे ती सोय श्रीमंतांचीच झाली. पण सोय होती. त्याच्या एकच वर्ष आधी, १८७८ मध्ये, त्याच राज्यकर्त्यांनी मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा केला. त्यात गाळण्याचे मक्ते होते, ताडीच्या झाडावर कर होता, दुकानांचे परवाने होते. खाट नव्हती. स्वतःच्या देशातला पिणारा त्यांना रुग्ण म्हणून दिसायला लागला होता. इथला पिणारा मात्र वसुलीच्या वहीतली रक्कम होता. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध घालणारा कायदा आला. आदिवासींच्या घरात मोहाची फुलं खाण्यासाठीही साठवलेली असत, पण सरकारला दिसली ती करचुकवी दारू.

याविरुद्ध बोलणारे होते. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये त्यांनी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकारानं पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झालं. पुढे गांधीजींच्या चळवळीत बायका दुकानांसमोर बसल्या. हे सगळं दुकानाविरुद्ध होतं आणि ते योग्यच होतं. मात्र दुकान बंद झाल्यावर, त्यातून रोज पिणाऱ्या माणसाचं त्या रात्री काय होतं, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

१९३९ च्या १ ऑगस्टला खेर मंत्रिमंडळानं मुंबई शहरात दारूबंदी आणली. त्यामागे मंत्री डॉ. गिल्डर होते, आणि ते स्वतः हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर होते. मंत्रिमंडळानं काही महिन्यांतच राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि पुढच्या वर्षी संपूर्ण प्रांत कोरडा झाला. कागदावर, अर्थात. हातभट्ट्या, ‘आंटी’ लोकांचे अड्डे आणि मोटारींच्या ट्यूबमधून येणारी दारू हे सगळं आपण मराठी आणि हिंदी साहित्यातून, सिनेमातून पाहिलंच आहे. या कायद्याची एक गंमत मला नेहमी खटकते. प्रकृतीच्या कारणासाठी पिण्याचा परवाना मिळे, त्याला डॉक्टरचा दाखला लागे. म्हणजे त्या काळात पिण्यासाठी डॉक्टरकडे जायची वाट होती, सोडण्यासाठी जायची वाट नव्हती. दारू पिऊन सापडणाऱ्याची वाट कोठडीकडे जायची. साठीच्या दशकापासून बंदी सैल होत गेली, पण पिण्यासाठी परवाना लागतो हे कलम महाराष्ट्रात आजही आहे.

याच सुमारास उर्दूतल्या दोन मोठ्या लेखकांची शोकांतिका घडली. आम्हा गझलवाल्यांच्या दुनियेत साकी आणि मैखाना हे शब्द इतके स्वस्त आहेत की त्यामागची खरी बाटली दिसेनाशी होते. मुंबईच्या फिल्मी दुनियेत वावरलेले सआदत हसन मंटो १९४८ च्या जानेवारीत लाहोरला गेले. दारू सोडवण्यासाठी त्यांना तिथल्या मनोरुग्णालयात दाखल केलं गेलं. ‘टोबा टेक सिंग’सारखी वेड्यांच्या इस्पितळातली कथा लिहिणाऱ्यानं ते इस्पितळ आतून पाहिलं होतं. १९५५ च्या जानेवारीत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, यकृत निकामी होऊन ते गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लखनौला मजाज गेले. ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. १९५२ मध्ये रांचीच्या मनोरुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले होते. शेवटच्या रात्री पिणारे दोस्त त्यांना एका दारूच्या दुकानाच्या गच्चीवर कडाक्याच्या थंडीत सोडून निघून गेले. दोघांनाही इस्पितळ मिळालं होतं, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे. त्यातून बाहेर पडल्यावर मात्र जुनेच दोस्त, जुनंच कर्ज आणि जुनीच संध्याकाळ वाट पाहत होती. मधला पूल कोणी बांधलेला नव्हता.

तो पूल तोवर अमेरिकेत बांधला गेला होता, आणि बांधणारे डॉक्टर कमी, दारुडे जास्त होते. १९३५ मध्ये ओहायोतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक भेटले. दोघंही दारूत बुडालेले. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलला की त्या वेळापुरती ओढ कमी होते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून सापडलं. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे आपल्याकडे जिला सगळे ‘ए.ए.’ म्हणतात ती संघटना उभी राहिली. भारतात ती १९५७ मध्ये आली. १९४९ मध्ये मिनेसोटा राज्यात हेझल्डन हे निवासी केंद्र सुरू झालं. त्याच राज्यातल्या विल्मरच्या सरकारी इस्पितळात दारूच्या रुग्णांच्या वॉर्डाची कुलपं काढली गेली आणि दारू सोडलेल्या माणसांना पगारी समुपदेशक नेमलं गेलं. डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि जुना पिणारा एकाच टेबलाशी बसू लागले. आज जगभरातली बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रं कमीअधिक प्रमाणात याच नमुन्यावर चालतात.

आपल्याकडे हे ऐंशीच्या दशकात आलं, आणि बहुतेक ठिकाणी घरातल्या किंवा ओळखीतल्या दुःखातून आलं. चेन्नईला शांती रंगनाथन यांचे पती दारूपायी गेले. त्यांच्या नावानं १९८० मध्ये त्यांनी उपचार केंद्र उभं केलं. १९८१ मध्ये मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं आणि ए.ए.च्या जोडीला योगासनं आणली. आणि १९८६ च्या २९ ऑगस्टला पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, ‘मुक्तांगण’ सुरू झालं.

मुक्तांगणची कथा मराठी वाचकाला थोडीफार ठाऊक आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनात सापडलेल्या पोरांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि केंद्रासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. पण मला यात सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या डॉ. अनिता अवचट. त्या त्याच मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. मनोरुग्णालय म्हणजे गज आणि कुलपं, ही त्या काळची समजूत. त्याच आवारात त्यांनी पेशंटला मित्र मानणारं घर उभं केलं. सुरुवात गर्दसाठी झाली खरी, पण दारूचे रुग्ण येत राहिले. पस्तीस दिवसांचा मुक्काम ठरला. सकाळी व्यायाम, मग गटचर्चा, स्वतःची कामं स्वतः करणं, आणि बरे झालेले पेशंटच समुपदेशक आणि कार्यकर्ते. बायकांसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला, कारण नवरा आत असताना बाहेर तीही आजारीच असते. अनेक वर्षांची भीती, संशय आणि खिसे तपासायची सवय अंगात मुरलेली असते. अनिताताई १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेलं. अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले.

आता खाटच का लागते, याकडे येतो. ‘मनात आणलं तर सोडेल’ असं आपण सहज म्हणतो. रोज भरपूर पिणाऱ्याच्या बाबतीत हे वाक्य धोक्याचं आहे. दारू मेंदूला गुंगी आणते. ती रोज येऊ लागली की तिला तोंड देण्यासाठी मेंदू स्वतःला कायम जास्त चेतवून ठेवायला शिकतो. अशा वेळी दारू एकदम थांबली की गुंगी जाते आणि चेतवलेला मेंदू तसाच राहतो. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस कुठे आहे हे त्याला कळत नाही, ताप चढतो. याला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. हे नाव थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरनं १८१३ मध्ये दिलं. उपचाराविना यात माणूस दगावू शकतो. हे टाळता येतं. मोजून कमी करत नेलेल्या शांत करणाऱ्या गोळ्या, ‘ब-१’ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, पाणी, आणि चोवीस तास नजर. खाट लागते ती आधी यासाठी.

आमच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक चाचा होते. ते पितात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आमच्यात दारू हराम, त्यामुळे पिणारा चोरून पितो आणि घरचे त्याहून चोरून ते झाकतात. दवाखान्यात न्यायचं म्हणजे चोरी चव्हाट्यावर आणणं. रमजानचा चाँद दिसला आणि चाचांनी त्याच रात्री बाटली फेकली. सगळी गल्ली खूश. तिसऱ्या दिवशी ते भिंतीवरून काहीतरी झटकू लागले, घरातल्यांना ओळखेनात. ‘असर झालाय’ असं ठरलं आणि झाडफूक करणाऱ्याला बोलावलं गेलं. चौथ्या रात्री चाचा गेले. चाची पुढे कित्येक वर्षं सांगत राहिल्या, “अरे बेटा, त्यांनी तर सोडली होती ना? मग अल्लानं असं का केलं?” त्यांना उत्तर देण्याइतकं तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. हिंदू घरांतही हे वेगळं नाही. गटारीला शेवटची पिऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळणारा माणूस सकाळपासून पिणाऱ्यांतला असेल, तर त्याच्यावर हीच वेळ येऊ शकते. याचा अर्थ रमजान किंवा श्रावण वाईट असा मुळीच नाही. तुळशीची माळ घालून दारू सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. माळेसोबत दिंडी मिळते, रोजचं भजन मिळतं, हाक मारणारे लोक मिळतात, आणि ए.ए.च्या बैठकीत तरी दुसरं काय असतं? फक्त त्याआधीचे पाच-सहा दिवस डॉक्टरच्या हातात असावेत, एवढंच माझं म्हणणं.

अंगातून दारू आठवड्याभरात निघून जाते. मग पस्तीस दिवस कशाला, असं घरचे विचारतात, आणि पैसे त्यांनाच भरायचे असल्यानं हा प्रश्न रास्तच आहे. पण पहिले काही दिवस नुसते शरीर सावरण्यात जातात. त्यानंतर झोप लागू लागते, भूक लागते, आणि मग कुठे माणूस दुसऱ्याचं बोलणं ऐकू शकतो. समोर बसलेला रिक्षावाला किंवा बँक मॅनेजर आपलीच गोष्ट सांगतोय, हे कळायला वेळ लागतो. पुन्हा घसरणारेही बरेच असतात. दमा किंवा मधुमेह पुन्हा उसळला तर आपण पेशंटला शिव्या देत नाही, पुन्हा दवाखान्यात नेतो. इथेही तेच करावं लागतं, कधी दोनदा, कधी चारदा.

ही खाट किती जणांना मिळते? दिल्लीच्या ‘एम्स’नं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात. त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांपैकी अडतीस जणांत एकाला कसला ना कसला उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार मिळाला होता तो एकशे ऐंशी जणांत एकाला. दारूबंदीवर आपण विधानसभेत आणि वर्तमानपत्रांत शंभर वर्षं भांडतो आहोत. गडचिरोलीत ती १९९३ मध्ये आली, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गावोगावच्या बायकांनी ‘आडवी बाटली’ला मत देऊन दुकानं बंद पाडली, त्यांना माझा सलाम आहे. पण अडतीस आणि एकशे ऐंशी या आकड्यांवर कोणी सभा घेतल्याचं मला आठवत नाही.

आणि ज्यांना खाट मिळते, त्यांनाही ती कशी मिळते हे पाहावं लागतं. रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेणारी, आत मारहाण करणारी ठिकाणंही या धंद्यात आहेत. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण जळून गेले. ती बातमी वाचून माझ्या समाजातला माणूस म्हणून माझी मान खाली गेली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधण्यावर सरळ बंदी घातली. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक आजारही याच कायद्याखाली येतात. पेशंट स्वतःच्या सहीनं दाखल होऊ शकतो. त्याला स्वतःचा निर्णय घेता येण्याची अवस्था नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, एका वेळी तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. यातला एक तज्ज्ञ मानसोपचाराचा डॉक्टर असावाच लागतो. तेव्हा केंद्र पाहायला जाल तर भिंतीवरच्या सुविचारांत अडकू नका. नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. रात्री डॉक्टर असतो का, फिट आली तर कोणत्या इस्पितळात नेता, घरच्यांना कधी भेटता येतं, आणि बाहेर पडल्यावर पाठपुरावा कोण करतो, हे विचारा. या प्रश्नांवर जो चिडतो, त्याच्याकडे आपला माणूस ठेवू नका.

केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. तुम्ही फोन करा किंवा डॉक्टरकडे जा, दोन्हीकडे साधारण हेच विचारतात. रोज किती पितो, किती वर्षांपासून, सकाळी उठल्या उठल्या लागते का, पूर्वी सोडल्यावर फिट किंवा भ्रम झाला होता का, आणि शेवटचा घोट कधी घेतला. त्याच्यापेक्षा बायकोला किंवा आईला ही उत्तरं जास्त नेमकी ठाऊक असतात. ती एका कागदावर लिहून सोबत न्यावीत. शेवटच्या घोटाची वेळ तर आठवणीनं लिहावी.